पापा मार्थेनची धावपट्टी

तोडिंग माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. पण त्याला तोडिंग म्हणणारे आता दोनचारच उरलेत, आणि तेही माझ्यासारखे दात पडलेले. आमच्यात पहिलं मूल झालं की बाप त्या मुलाच्या नावानं ओळखला जातो. बहिणीला मुलगा झाला, नाव ठेवलं मार्थेन, आणि त्या दिवसापासून तोडिंग झाला पापा मार्थेन. दुसरं मूल काही झालं नाही. म्हणजे कुणी नुसती कोंबडी हाकलायला त्याला हाक मारली तरी त्याच्या कानावर मुलाचंच नाव. मी मात्र त्याला दाजी म्हणायची, अजून म्हणते.

विमानतळ आला तो दाजीच्या खाचरातून. डोंगरातल्या आमच्या खोऱ्यात सपाट म्हणावी अशी जमीन तेवढीच होती, आणि ती भातासाठी कामाची तशीच विमानासाठीही, हे आम्हाला सरकारी माणसं आल्यावर कळलं. त्यांनी दोन खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, आणि दोरीच्या मधोमध दाजीची सगळ्यांत चांगली दोन खाचरं. बदल्यात पैसे दिले आणि नोकरी दिली. नोकरी म्हणजे काय, तर गवत कापायचं आणि म्हशी हाकलायच्या. स्वतःच्याच शेतातून म्हशी हाकलायचा पगार मिळणारा आमच्या अख्ख्या तोराजा मुलखात तो एकटाच, असं बहीण म्हणायची.

"आधी फुकट हाकलायचे," ती म्हणायची, "आता टोपी घालून हाकलतात."

टोपी सरकारी होती, निळी, आणि त्याला मोठी व्हायची. कानावर यायची.

विमान मंगळवारी आणि गुरुवारी यायचं, खाली किनाऱ्यावरच्या उजुंग पांडांग शहराहून. दोन पंख्यांचं, आखूड नाकाचं, पोटात वीसेक माणसं. बसनं दिवस जायचा तो प्रवास ते एका तासाच्या आत करायचं. पण ढग असले तर करायचंच नाही. डोंगराच्या खिंडीतून आत यायचं आणि एकदम खाली बसायचं, बदक बसतं तसं. कुंपणाला लागून माझं कॉफीचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन बाकडी आणि वर पत्रा. विमान उतरलं की पत्रा थरथरायचा आणि कपात कॉफी नाचायची. गिऱ्हाईक घाबरलं की मी म्हणायची, "पिऊन टाका, सांडायच्या आत."

विमानाच्या दिवशी सगळ्या खोऱ्यावर दाजीचं राज्य असायचं. सकाळी उठून तो गावभर फिरायचा. म्हशी बांधा, पोरं घरात घ्या, आणि मुख्य म्हणजे जाळ विझवा. सकाळच्या गारव्यात आमच्या खोऱ्यात धूर वर जात नाही, खालीच पसरून बसतो. कापणीनंतर पेंढा जाळणाऱ्यांशी त्याची दर खेपेला भांडणं. एकदा तर त्यानं आमच्या पाद्रीबुवांच्या अंगणातला जाळ पायानं विस्कटला होता.

"पापा मार्थेन, अहो माझा नाश्ता होता तो!" पाद्रीबुवा ओरडले.

"विमान गेल्यावर खा. देव थांबेल, विमान थांबत नाही."

रिदवानसाहेब म्हणजे विमानतळाचा मोठा अधिकारी, खालच्या किनाऱ्याकडचा, बुगी जमातीचा माणूस. तो मला हसून म्हणायचा, "एस्तेरताई, माझ्याकडे रेडिओ आहे, वारा दाखवणारी पिशवी आहे, आणि पापा मार्थेन आहे. यातला रेडिओ बंद पडला तरी चालतं."

मार्थेन गेला तोही ह्याच विमानानं. मिसरूड फुटत होतं तेव्हा. बोर्निओच्या जंगलात लाकूड तोडायच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून निघाला. परतीचं विमान रिकामं होतं, रिदवानसाहेबानं कुणाला तरी सांगून जागा मिळवून दिली. पोरगं शिडीवर उभं राहून ओरडलं, "आई, येईन तेव्हा ठिपक्यांचा रेडा घेऊन येईन!"

ठिपक्यांचा रेडा, पांढरा-काळा, निळ्या डोळ्यांचा. तो ज्याच्या दारात त्या घराची मान वर. साध्या माणसाला तो जन्मात जमत नाही. बहिणीनं तोंडाला पदर लावून हसत विचारलं, "मेल्या, विमानात मावेल का?"

"त्याला खिडकीपाशी बसवीन!"

सगळे हसले. पंखे फिरायला लागले. मग पुढचं काही ऐकू आलं नाही.

पोराची पत्रं यायची तशी यायची बंद झाली. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून निरोप यायचे. बरं आहे, काम आहे, पुढच्या वर्षी येतो. माझी बहीण दोर्का दर मंगळवारी भाजीची टोपली घेऊन माझ्या दुकानात यायची. भाजी विकायला म्हणून. विमानाची शिडी लागली की तिची मान कुंपणावरून लांब व्हायची आणि शेवटचा माणूस उतरला की आखूड व्हायची. मग म्हणायची, "चल, भाजी सुकली." भाजी सुकलेली नसायची.

एके वर्षी, कापणी नुकतीच झाली होती, दोर्का आजारी पडली. म्हणजे ताप आला, आणि तिसऱ्या दिवशी श्वास थांबला. पण आमच्यात श्वास थांबला म्हणून माणूस मेला असं होत नाही. क्रियाकर्म सुरू होईपर्यंत तो आजारीच. शहरातून कंपाउंडर आला, अंग टिकून राहायच्या औषधाच्या सुया टोचून गेला, आणि आम्ही तिला मागच्या खोलीत निजवलं, डोकं पश्चिमेला. सकाळ-संध्याकाळ तिच्यापुढं ताट, कॉफीचा कप. बाहेर जाताना सांगून जायचं, आल्यावर आलो म्हणायचं. डोकं दक्षिणेला फिरवलं की मग तिला मेली म्हणायचं, मग रडायचं, मग रेडे कापायचे आणि पुढच्या वाटेला लावायचं. सगळी मुलंबाळं आल्याशिवाय डोकं कुणी फिरवत नाही. वर्ष लागतं, पाच लागतात. त्यात आम्हाला काही विचित्र वाटत नाही. घरात आजारी माणूस असतं, इतकंच.

जुन्या रीतीप्रमाणे दाजीनं भात सोडला. बायको आजारी आहे तोवर मका आणि कसाव्याचे कंद. पाद्रीबुवांनी समजावलं, अहो आता आपण ख्रिस्ती झालो. दाजी म्हणाला, "मी ख्रिस्तीच आहे. मका खाणारा ख्रिस्ती."

आता एकच गोष्ट राहिली होती. मार्थेन यायला हवा.

निरोप गेले. बोर्निओला जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडे गेले. उलट निरोप आला: येतो, जरा जमवतो. काय जमवतो ते आम्हाला कळत होतं. आईला वाटेला लावायचं तर मुलानं रेडा आणायचा, आणि ह्या गाढवानं तर शिडीवर उभं राहून सगळ्या गावाच्या देखत ठिपक्यांचा कबूल केलेला. दाजीनं परत निरोप धाडला, "रिकाम्या हातानं ये." पण तोराजाच्या पोराला रिकाम्या हातानं ये म्हणणं म्हणजे नागडा ये म्हणण्यासारखंच. आलं नाही.

बस होती की, असं तुम्ही म्हणाल. होती. रोज होती. पण दाजीच्या मनात तो विमानातूनच उतरायचा. शिडीवरून गेला तो शिडीवरूनच येणार, असं त्यानं धरलंच होतं.

ह्याच काळात गोऱ्या पाहुण्यांची गर्दी वाढली. ते विमानातून उतरायचे, गळ्यात कॅमेरे, आणि पहिला प्रश्न काय, तर आज कुणाचं क्रियाकर्म आहे का? त्यांना तेवढंच बघायचं असायचं. त्यांना फिरवणारा ओबेत म्हणून एक पोऱ्या होता, आमच्याच नात्यातला, तोंडाचा फटकळ.

"पापा मार्थेन," एका मंगळवारी तो घाम पुसत आला, "बारा जर्मन आलेत. ह्या आठवड्यात खोऱ्यात कुठंच काही नाही. दोर्कामावशीचं उरकून टाका ना, काय तुम्ही!"

"माझा जर्मन अजून आला नाही," दाजी म्हणाला.

ओबेत माझ्याकडे वळला. मग मलाच म्हणाला, "मावशी, बारा कॉफ्या. आणि जरा शोकाचा चेहरा करा, ह्यांचा दिवस वाया जाऊ देऊ नका." मी त्याला झारा दाखवला.

मग तो दिवस आला. सोमवारी संध्याकाळी रिदवानसाहेब स्वतः चालत आमच्या अंगणात आला, बूट चिखलात माखलेले. दाजी कुऱ्हाडीला धार लावत होता.

"पापा मार्थेन, शहराच्या ऑफिसातून रेडिओवर कळलं. उद्याच्या विमानात एक मार्थेन आहे. मार्थेन तोडिंग."

दाजी उठला. कुऱ्हाड खाली ठेवायची विसरला. "कुठला मार्थेन?"

"किती आहेत तुमच्याकडे?"

दाजी तसाच वळला. आत गेला, मागच्या खोलीत, आणि आम्हाला त्याचा आवाज ऐकू आला, "दोर्का, उद्या येतोय. उद्या येतोय गं."

बातमी घराघरांत फिरली. ने लायुक, म्हणजे लायुकआजा, आमचा जाणता म्हातारा. कुणाचं डोकं कधी फिरवायचं, कुठला रेडा आधी, हे सगळं त्याच्या जिभेवर. तो आला, सुपारी तोंडात, आणि अंगणातच बैठक झाली. लगेच काही क्रियाकर्म करायचं नव्हतं. पोरगं आल्यावर त्याच्याशी बसून दिवस ठरवायचा होता. पण इतक्या वर्षांनी येणाऱ्याला जेवण तर घालायचं.

"डुकरं विमान उतरल्यावर कापू," ने लायुक म्हणाला. "आमच्या काळी पाहुणा अंगणात बसला की मग."

"नाही," दाजी म्हणाला. "पोर उपाशी येणार आणि त्याला अंगणात बसवून धूर खायला लावू? उतरल्याबरोबर पान पुढं पाहिजे. पहाटेच करा."

"लई घाई झाली तुला, पापा मार्थेन."

"झालीय."

मंगळवारी पहाटे दोन डुकरं कापली. जाळावर धरून केस भाजले, मांस, पाला, मिरची बांबूच्या नळ्यांत भरून त्या लांबलचक जाळाला टेकवून लावल्या. बांबू ओला होता. मदतीला अख्खा वाडा. बायका गात होत्या, म्हातारे ताडी पीत होते, कुणी तरी दोर्काच्या खोलीची खिडकी उघडली, तिलाही कळावं म्हणून. मला इतकं बरं वाटत होतं की दुकानाची चूल मी पेटवलीच नाही. तशीच अंगणात बांबू फिरवत बसले.

दाजी टोपी घालून केव्हाच धावपट्टीवर गेला होता. दर मंगळवारी गावभर फिरून जाळ विझवायला लावणारा माणूस. त्या दिवशी तो फिरला नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण लक्षात आणून द्यायचं काम त्याचंच होतं.

आम्हाला विमानाच्या आधी दाजीच ऐकू आला. पायवाटेनं पळत, टोपी हातात, "विझवा! विझवा!" आम्ही वर बघितलं. वर काही दिसेना. खाली बघितलं तर अंगणातून निघालेला धूर उतारावरून घरंगळत, कुंपण ओलांडून, धावपट्टीवर दुधासारखा पसरला होता. वाऱ्याची पिशवी लोळागोळा लोंबत होती. तेवढ्यात आवाज आला, दोन पंख्यांचा, ओळखीचा.

"पाणी ओता!"

आणि आम्ही पाणी ओतलं. सगळ्यांनी, जे भांडं हाताला लागलं त्यानं. जाळावर पाणी ओतलं की काय होतं ते पोरासोरांना माहीत असतं. आम्हालाही माहीत होतं. पण दाजी ओरडत होता, "ओता, ओता," आणि आम्ही ओतत होतो. पांढऱ्या वाफेचा असा लोट उठला की समोरचं माणूस दिसेना. दाजी पायांनी निखारे उडवत होता. त्याच्या चपला जळल्याचा वास मला आला. वर विमान गोल फिरत होतं, एकदा जवळ, एकदा लांब. मग जवळ. मग आवाज खिंडीकडे गेला आणि बारीक बारीक होत गेला.

ने लायुक एवढंच म्हणाला, "परत येईल." ते आलं नाही.

थोड्याच वेळात ऊन वर आलं, वारा सुटला, आणि आकाश असं निघालं की डोंगरावरचं एकेक झाड मोजून घ्यावं. धावपट्टी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडून ठेवल्यासारखी. दाजी तिच्या मधोमध उभा होता. रिदवानसाहेब त्याच्याजवळ गेला. काय बोलले ते मला माहीत नाही. बांबूतलं मांस चांगलं शिजलं होतं. आम्ही ते संध्याकाळी घरोघरी वाटलं.

गुरुवारी दाजी पहाटेच माझ्या दुकानात येऊन बसला. पाय फडक्यात बांधलेले. खोऱ्यात त्या दिवशी कुणी चूलसुद्धा पेटवली नव्हती, मुलांना कालचा थंड मका दिला होता. मीही कॉफी केली नाही. विमान स्वच्छ उतरलं. गोरे उतरले, एक पाद्री उतरला, कापडवाला उतरला. मार्थेन नव्हता.

वैमानिक जावाचा होता, बारीक, सौम्य बोलणारा. दर वेळी माझ्याकडे कॉफी प्यायचा. आला, बाकड्यावर बसला, दाजीकडे बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं.

"तुमचा मुलगा होता ना तो?"

"आज का नाही आणला?" दाजी म्हणाला. जसं काही टोपली आणायची विसरला होता.

"बापूसाहेब, तो माझ्या मागच्याच खुर्चीत होता. खिंडीतून बाहेर पडलो आणि तो सगळ्यांना दाखवायला लागला, ते आमचं घर, ते आमचं घर. मग धूर दिसला. मी दोन घिरट्या मारल्या. खाली माणसं पळताना दिसत होती, अंगणात जाळ, डुकरं. त्यानं बोट खाली घेतलं. मग म्हणाला, 'सुरू केलं. माझी वाट न बघता सुरू केलं.'"

वरून बघणाऱ्याला दुसरं काय वाटणार? अंगणात सगळा गाव, ताडी, डुकरं, इतका जाळ. क्रियाकर्माशिवाय आमच्याकडे एवढा धूर आणखी कशाचा निघतो?

"मला काही कळलं नाही," वैमानिक म्हणाला. "परत शहरात उतरल्यावर मी म्हटलं, गुरुवारी याच तिकिटावर या. तर म्हणाला, 'आता कशाला? आईला पाठवली त्यांनी. माझं तोंड बघायचं नव्हतं कुणाला.' बंदराकडे गेला. त्या दिवशी बोट होती."

दाजी त्या बिचाऱ्या जावाच्या माणसाला असं सांगायला लागला जणू तोच मार्थेन. "नाही पाठवली. अरे नाही सुरू केलं. तिचं डोकं अजून पश्चिमेलाच आहे. जेवण होतं ते, तुझं जेवण होतं रे."

वैमानिकानं मान खाली घातली. कॉफी नव्हतीच, तरी त्यानं रिकामा कप हातात धरला.

त्यानंतर दाजीनं निरोप धाडणं सुरू केलं. आधीसारखंच, पण आता निरोप एकच होता. बोर्निओला जाणारा माणूस दिसला की त्याच्या हाताला धरून: "मार्थेन भेटला तर सांगा, आईचं डोकं अजून पश्चिमेलाच आहे." मग बोर्निओला जाणारा कोण, न जाणारा कोण, हेही तो बघेनासा झाला. विमान निघायच्या वेळी शिडीजवळ उभा राहायचा आणि चढणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. गोऱ्यांनाही. ते ओबेतला विचारायचे, काय म्हणतोय हा?

"तुमचा प्रवास सुखाचा होवो म्हणतोय," ओबेत सांगायचा. ते खूश व्हायचे, हात जोडायचे, फोटो काढायचे. परदेशात किती घरांत दाजीचा फोटो असेल, देव जाणे. निळी टोपी कानावर, तोंड उघडं, प्रवास सुखाचा होवो.

मी एकदा ओबेतला म्हटलं, "खरं सांगायला काय जातं तुझं?"

"मावशी, खरं सांगितलं तर ते घरात येऊन दोर्कामावशीला बघायला मागतील," तो म्हणाला. त्याचंही खरंच होतं.

उत्तरं यायची, पण धड नाही. एकजण म्हणाला, लाकडाची कंपनी बंद झाली, तो समुद्रापलीकडे मलेशियात गेला. एकजण म्हणाला, तिथं लग्न केलं, नाव बदललं, तोराजा आहे असं सांगतच नाही. एकीनं तर शपथेवर सांगितलं की तिनं त्याला बंदरावर मासे उतरवताना पाहिलं आणि हाक मारली तर तो वळला नाही. वळला नाही म्हणजे तो नव्हताच, असं मी म्हटलं. दाजी म्हणाला, "वळला नाही म्हणजे तोच."

मग दिवस फिरले. रिदवानसाहेबाची बदली झाली. जाताना दाजीला त्यानं स्वतःचा रेनकोट दिला. शहरात महागाई, दंगे, गोरे यायचे थांबले. ओबेत टॅक्सी चालवायला लागला. आधी गुरुवारचं विमान बंद झालं, मग मंगळवारचं कधी यायचं कधी नाही, मग कधीच नाही. शेवटचं विमान कुठलं होतं ते आम्हाला तेव्हा कळलंच नाही, नाही तर बघायला गेलो असतो. पगार थांबला तरी दाजी गवत कापत राहिला. लोकांनी म्हशी सोडल्या, तो हाकलायचा, लोक चिडायचे.

"पापा मार्थेन, आता कोण उतरणार आहे इथं? चरू दे ना बिचारीला!"

"गुरुवारी चरू दे," तो म्हणायचा. गुरुवारचं विमान तर कधीच गेलं होतं, मंगळवार मात्र त्यानं सोडला नव्हता.

शेवटी ने लायुकच आला. काठीवर, नातवाला धरून, डोळ्यांत मोतीबिंदू. मीही बसले होते.

"तोडिंग," तो म्हणाला. या वेळी जुन्या नावानं म्हणाला, थोरल्याच्या हक्कानं. "माझे दिवस भरत आले. मी गेलो तर दोर्काचं क्रियाकर्मातलं गाणं म्हणायला कुणाला येत नाही. पोरांना दोन ओळी येतात आणि पुढं मोबाईल. तुला काय करायचं ते आता कर."

"पोर यायचंय."

"पोर येणार नाही."

इतकं सरळ आजवर कुणी बोललं नव्हतं. मला वाटलं दाजी उठून जाईल. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "एस्तेर, तुला काय वाटतं?"

मला विचारायला नको होतं त्यानं. मी म्हटलं, "दाजी, ती पण कंटाळली असेल."

डोकं त्यानं स्वतःच फिरवलं. मदत घेतली नाही. आता तिचं वजन राहिलं होतंच किती. पश्चिमेकडून दक्षिणेकडे, एवढीशी खोली, पण त्याला फार वेळ लागला. मग ने लायुकनं सांगितलं, "दोर्का मेली," आणि आम्ही रडायला लागलो. इतकी वर्षं साठवलेलं रडू होतं, तरी वाटलं होतं त्यापेक्षा कमीच आलं.

रेडा एकच होता. साधा, काळा. ठिपका म्हणून नव्हता. नातेवाईक थोडे, आलेले बरेचसे म्हातारे. विमानातून कुणी आलं नाही, बसनं आले.

रेडा कापल्यावर मांस वाटायचं असतं. बांबूच्या उंच माचावर एकजण चढतो, आणि ज्याचा जसा मान तसा तुकडा, नाव घेऊन ओरडून खाली टाकतो. ज्याचं नाव घेतलं तो पुढं येऊन उचलतो. हे काम ने लायुकच्या धाकट्या भावाकडे होतं. जोरकस गड्याचं आणि चेष्टेचंही काम.

"पाद्रीबुवा! घ्या, देवाला सांगा तोराजात अजून मांस मिळतं!" धप्. "ओबेत! टॅक्सीचं भाडं यात वळतं कर!" धप्. लोक हसत होते. दाजीही बसल्या जागी हसला थोडा.

मग माचावरच्यानं मोठा तुकडा उचलला, मागच्या पायाचा. हा मुलाचा. मुलाचं नाव घ्यायचंच असतं, मुलगा असो नसो. न घेतलं तर तो मेला असा अर्थ होतो.

"मार्थेन!"

धप्. तुकडा मातीत पडला. माणसं बघत राहिली. कुणी पुढं झालं नाही.

"मार्थेन!" त्यानं पुन्हा हाक मारली, जरा हळू.

दाजी उठला नाही. त्यानं मान वळवून धावपट्टीच्या बाजूला बघितलं असतं तर मी समजले असते. त्यानं तेही केलं नाही. समोर मातीत पडलेल्या तुकड्याकडे बघत राहिला, माशी बसेपर्यंत.

माचावरच्या माणसानं तिसऱ्यांदा हाक मारली नाही. पुढच्या तुकड्याला हात घातला आणि दुसऱ्याच कुणाचं नाव घेतलं.

गर्दी पांगल्यावर तो तुकडा मी उचलला. कुत्री घोटाळायला लागली होती. घरी नेऊन धुतला, आल्या-मिरचीत टाकून शिजत लावला. म्हाताऱ्या रेड्याचं मांस, शिजता शिजेना. आता दाजीला भात चालत होता. भात लावला, पान वाढलं. तो बसला. पहिला घास घ्यायच्या आधी त्यानं विचारलं, "हे कुणाच्या वाट्याचं?"

"माझ्या," मी म्हटलं.

मागचा पाय कुठला आणि पुढचा कुठला हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्यानं सावकाश चावत सगळं संपवलं, आणि मी आणखी वाढायला गेले तेव्हा हातानं पान झाकलं.